लागेल तेवढं पाणी : मऊ पोळीमागचं गणित आणि आमच्या घरातली एक गोष्ट

(ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातले "अं", "म्हणजे ना" आणि मागे वाजलेली कुकरची शिट्टी तेवढी काढली आहे.)

कुणी लोकलमध्ये दाराशी उभं असेल, कुणी कंपनीच्या बसमध्ये अर्धवट झोपेत असेल, कुणी रूमवर भांडी घासत ऐकत असेल. भांडी घासणाऱ्यांना आज खास नमस्कार, कारण आजचा विषय तुमच्या ओट्यावरचाच आहे.

आजचा विषय आहे पोळी. साधी, गव्हाची, रोजची पोळी. मी नाशिकचा, म्हणून पोळी म्हणतो. माझा रूममेट कोल्हापूरचा, तो चपाती म्हणतो. यावर आमची भांडणं झालेली आहेत, आज ती नकोत. तुम्ही जे म्हणत असाल ते म्हणा, फक्त ती मऊ कशी होते आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्यातही मऊ कशी राहते, हे आज नीट समजून घेऊ. आणि ते समजून घेता घेता मला माझ्याच घराबद्दल एक गोष्ट कळली, तीही सांगणार आहे. ती ऐकायला तितकीशी मऊ नाही.

तर झालं असं. दोन वर्षांपूर्वीचा जुलै महिना. मी पुण्यात हिंजवडीला नोकरीला, आई-बाबा नाशिकला. सकाळी साडेसहाला बाबांचा फोन. एवढ्या सकाळी घरून फोन आला की पोटात गोळा येतो, तसा आला. आई अंगणात शेवाळावरून घसरली होती. पडताना तिनं उजवा हात टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

मी मॅनेजरशी बोलून घरून काम मागून घेतलं आणि लॅपटॉप उचलून नाशिकला गेलो. औषधं, केर-लादी, कपडे, वरण-भात, भाजी, हे सगळं बाबा आणि मी मिळून जमवलं. अडलं ते पोळीपाशी. पहिले चार दिवस पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणल्या. दुपारी ठीक असायच्या, रात्री त्यांचे तुकडे पडायचे. पाचव्या दिवशी बाबा ताटात बघून म्हणाले, "घरच्या पोळीची सर नाही." आणि मी म्हणालो, "उद्यापासून मी करतो."

बीटेक झालेला माणूस. चार वर्षं सर्व्हर सांभाळतोय. पीठ, पाणी, आच, तीनच तर गोष्टी. यात काय अवघड असणार?

मी एक व्हिडिओ बघितला, अंदाजे पाणी घातलं, दहा मिनिटं घामाघूम होऊन कणीक मळली, लगेच लाटायला घेतली. लाटी लाटावी तर ती रबरासारखी परत आक्रसायची. तवा मंद आचेवर ठेवला होता, करपायला नको म्हणून. पोळी त्यावर चांगली चार मिनिटं भाजली. जेवायला बसलो. बाबांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत, कारण ते अजून चावत होते.

याला मराठीत अचूक शब्द आहे, वातड. माझी पोळी वातड झाली होती. आणि थंड झाल्यावर तिचा पापड झाला.

मग मी आईकडे गेलो. ती स्वयंपाकघरात खुर्ची टाकून, प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसायची. आमचा संवाद असा झाला.

"आई, पाणी किती घालायचं?"
"लागेल तेवढं."
"पण म्हणजे किती?"
"अरे, पीठच सांगतं."
"आणि मळायचं किती वेळ?"
"होईपर्यंत."

प्रत्येक कंपनीत एक जुना सिनियर असतो बघा. सगळी सिस्टीम त्याच्या डोक्यात, लिहून ठेवलेलं एक पान नाही. तो सुट्टीवर गेला की सगळे देवाचं नाव घेतात. आमच्या घरातला तो सिनियर म्हणजे आई.

मी मग एक युक्ती केली. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घेतला, हाच, केक करणारे लोक वापरतात तो. त्यावर परात ठेवली, ३०० ग्रॅम कणीक मोजून घेतली, आणि पाणी मोजपात्रातून थोडं थोडं घालत गेलो. आईनं डाव्या हाताच्या बोटांनी गोळा दाबून बघायचा आणि "अजून" किंवा "बास" एवढंच सांगायचं. ती आकड्यांकडे बघत नव्हती. मी लिहून ठेवत होतो.

पहिल्या दिवशी ती "बास" म्हणाली तेव्हा पाणी झालं होतं २०८ मिलिलिटर. दुसऱ्या दिवशी २०५. तिसऱ्या दिवशी २१०.

मी तो कागद बघतच बसलो. "लागेल तेवढं" हे उत्तर मला टोलवाटोलवी वाटलं होतं. प्रत्यक्षात तिच्या बोटांचा अंदाज एक चमचा पाण्याइतकाही चुकत नव्हता. पुढच्या आठवड्यात गिरणीतून नवं दळण आणलं, बाहेर पाऊस कोसळत होता, तेव्हा ती १९५ लाच "बास" म्हणाली. मला वाटलं आता चुकली. पण पावसाळी हवेत पीठ स्वतःच ओलावा धरतं, त्याला वरून पाणी कमी लागतं. पीठच सांगत होतं. मला ऐकू येत नव्हतं, एवढंच.

तर आता पहिला मुद्दा, पाणी. नवशिक्यांची पोळी कडक होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे कणीक घट्ट असणं. घट्ट कणीक हाताला चिकटत नाही, लाटायला सोपी वाटते, म्हणून आपण तिथेच थांबतो. कणीक मळताना आधी हाताला थोडी चिकटली पाहिजे. आईची खूण अशी की मुरलेली कणीक कानाच्या पाळीइतकी मऊ लागली पाहिजे. आत्ता ऐकता ऐकता कानाची पाळी दाबून बघा. तेवढी.

आणि परदेशातल्या ब्रेडच्या व्हिडिओतलं पाण्याचं प्रमाण जसंच्या तसं कणकेला लावू नका. ते बहुतेक मैद्याचं असतं. आपली कणीक कोंड्यासकट असते आणि कोंडा पाणी पितो. शिवाय गिरणीच्या दगडांत दळताना गव्हातल्या स्टार्चचे काही कण चिरडले जातात, आणि चिरडलेले कण अख्ख्या कणांपेक्षा कितीतरी जास्त पाणी शोषतात. म्हणून कणकेला पाणी सढळ हातानं लागतं. ३०० ग्रॅम कणकेला १९० मिलिलिटरपासून सुरुवात करा आणि २१० पर्यंत जायची तयारी ठेवा. पाणी कोमट असेल तर आणखी चांगलं, पीठ ते लवकर पितं.

दुसरा मुद्दा, वेळ. मी पहिल्या दिवशी कणीक मळून लगेच लाटायला घेतली होती, तीच चूक. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन नावाची दोन प्रथिनं असतात. पाणी मिळालं की ती एकमेकांना धरून एक ताणली जाणारी जाळी तयार करतात, तिला आपण ग्लूटेन म्हणतो. ज्वारीत ही जोडगोळी नाही, म्हणून तर भाकरीच्या पिठात गरम पाणी घालून चिकटपणा आणावा लागतो आणि भाकरी थापावी लागते. गव्हाची पोळी लाटता येते ती या जाळीमुळे. पण ताजी मळलेली जाळी ताठ असते. लाटलं की ती मागे ओढते. पोळी लहान राहते, जाड राहते, आपण आणखी जोर लावतो, आणि ती आणखी चिडते.

तिला फक्त अर्धा तास झाकून ठेवायचं. तेवढ्या वेळात जाळी सैल पडते, आणि कोंड्याचे कोरडे, धारदार कण पाणी पिऊन मऊ होतात. कोरडा कोंडा जाळीला ठिकठिकाणी कापतो, म्हणून न मुरलेली पोळी लाटताना कडेला चिरते. मी दहा मिनिटं घाम गाळून जे करायला बघत होतो ते कणीक झाकणाखाली अर्ध्या तासात स्वतःच करते. आता मी जेमतेम तीन-चार मिनिटं मळतो, वरून चमचाभर तेलाचा हात फिरवतो, झाकतो आणि सकाळची मीटिंग उरकून येतो. आल्यावर पुन्हा एक मिनिट तिंबायची, की लाटायला तयार.

लाटायचं थोडक्यात सांगतो. आमच्याकडे घडीची पोळी असते. साधारण ४५-५० ग्रॅमची लाटी घ्यायची, पुरीएवढी लाटायची, तिला तेलाचं बोट फिरवायचं, चिमूटभर पिठी भुरभुरायची, अर्धी दुमडायची, पुन्हा तेल-पिठी आणि पुन्हा दुमडायची. त्रिकोण होतो. मग तो लाटायचा. तेल आणि पिठीमुळे पदर एकमेकांना चिकटत नाहीत, आणि तव्यावर वाफ त्यांच्या मधे शिरून त्यांना वेगळं करते. कडा मधल्या भागापेक्षा किंचित पातळ हव्यात, कारण कडा जाड राहिली तर ती कच्ची राहते, आणि ती भाजेपर्यंत मधला भाग कोरडा पडतो. आणि पोळपाटावर पिठी कमीत कमी. पोळीला लागलेलं जादा पीठ तव्यावर जळतं आणि पोळी कोरडी लागते. गोल नाही झाली तरी चालेल. माझी पहिली बरी पोळी साधारण गुजरातच्या आकाराची होती, आणि मऊ होती.

आता तिसरा मुद्दा, तवा. हा माझा सगळ्यात आवडता, कारण इथे मला पुरावा मिळाला.

आई म्हणायची, "तवा तापू दे रे, आच मोठी ठेव." मी घाबरायचो. मला वाटायचं, मंद आचेवर हळूहळू भाजली तर मऊ राहील. मग एके दिवशी मी एकाच कणकेच्या दोन पोळ्या केल्या, दोन्ही कच्च्या असताना अगदी ५० ग्रॅमच्या. एक मंद आचेवर चार मिनिटं भाजली, दुसरी कडक तापलेल्या तव्यावर दीड मिनिट. भाजून झाल्यावर दोन्हींचं वजन केलं. मंद आचेवरची भरली ३७ ग्रॅम. मोठ्या आचेवरची ४३.

हिशोब बघा. ५० ग्रॅमच्या लाटीत वरून घातलेलं साधारण २० ग्रॅम पाणी असतं. मंद आचेवरच्या पोळीतून १३ ग्रॅम पाणी उडून गेलं, तिच्यात उरलं ७ ग्रॅम. दुसरीत उरलं १३, जवळजवळ दुप्पट. मऊ पोळी म्हणजे पाणी उरलेली पोळी. बाकी सगळं, म्हणजे सैल कणीक, मुरवणं, मोठी आच, झाकून ठेवणं, हे त्या पाण्याला पोळीत ठेवण्याचे मार्ग आहेत.

तवा तापला की नाही ते कसं ओळखायचं? पाण्याचा एक थेंब टाका. तो तव्याला बसून चुर्र करत आटला, तर तवा अजून तयार नाही. थेंबाची गोळी होऊन ती तव्यावर पळायला लागली, तर तयार. थेंबाच्या खाली वाफेची गादी तयार होते आणि थेंब तिच्यावर तरंगतो. जर्मनीतल्या लायडेनफ्रॉस्ट नावाच्या डॉक्टरनं १७५६ मध्ये हे लिहून ठेवलं, आणि आम्हाला ते इंजिनिअरिंगला परीक्षेपुरतं होतं. आई हे रोज सकाळी करत होती, आणि मला वाटायचं ती तवा पुसायला पाणी शिंपडते. एक मात्र लक्षात ठेवा, ही चाचणी लोखंडी तव्यासाठी. नॉनस्टिक तवा रिकामा इतका तापवू नका.

तव्यावर पोळी टाकली की दहा-पंधरा सेकंदांत बारीक फोड दिसायला लागतात, तेव्हा उलटायची. दुसरी बाजू जरा जास्त वेळ, खरपूस ठिपके येईपर्यंत. मग पुन्हा उलटून फडक्यानं कडेकडेनं हलकं दाबायचं. पाण्याची वाफ झाली की ती पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. आत अडकलेली वाफ पोळीला फुगवते आणि आतून शिजवते. पोळी फुगली याचा अर्थ ती कुठे फाटली नाही आणि आत पुरेसं पाणी होतं. वरून तेल किंवा तूप लावायचं ते शेवटी.

चौथा मुद्दा, डबा. हा रूमवर राहणाऱ्यांसाठी. गरम पोळ्या थेट स्टीलच्या डब्यात घातल्या की वाफेचं पाणी होऊन खालच्या पोळ्या भिजतात. उघड्या ठेवल्या तर वाळतात. म्हणून डब्यात सुती फडकं, त्यात पोळ्या, वरून फडक्याचीच घडी. फडकं जादा वाफ पितं आणि उरलेला ओलावा आत ठेवतं. आणि पोळ्या फ्रिजमध्ये ठेवू नका. शिजलेलं स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट रचलं जातं, त्यामुळे पोळी शिळी लागते, आणि फ्रिजच्या तापमानाला हे बाहेरच्यापेक्षा लवकर होतं. थंड पोळी तव्यावर पाण्याचा हबका मारून पटकन गरम केली तर ती रचना पुन्हा सैल होते आणि पोळी बऱ्यापैकी मऊ होते. त्याउपर उरल्याच तर फोडणीची पोळी आहेच, तिच्याबद्दल वाईट बोललेलं मी ऐकून घेणार नाही.

तर असं करत करत दहाव्या-बाराव्या दिवशी माझ्या पोळ्या खरंच चांगल्या झाल्या. फुगल्या, पदर सुटले, रात्रीही मऊ राहिल्या. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. बाबांनी पोळी मोडली, मान डोलावली आणि म्हणाले, "छान झाल्यात. पण काही म्हण, तुझ्या आईच्या हाताची चव वेगळीच." मीही सवयीनं म्हणालो, "हो, ते तर आहेच."

आई डाव्या हातानं चमचा धरून वरण-भात खात होती. ती म्हणाली, "हातात काही नसतं हो. हाताची चव, हाताची चव म्हणत एकतीस वर्षं मला तव्यापुढून उठू दिलं नाहीत."

ती रागावली नव्हती. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तशा आवाजात म्हणाली आणि पुढचा घास घेतला. बाबा आणि मी गप्प.

मला त्या रात्री झोप लागली नाही. मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला. आमच्याकडे दोन वेळच्या मिळून रोज चौदा पोळ्या. वर्षाच्या ५,११०. एकतीस वर्षांच्या १,५८,४१०. माहेरी गेलेले दिवस वजा करा, पाहुण्यांचे दिवस मिळवा. दीड लाख पोळ्या. आणि तिनं स्वतः खाल्लेली पोळी नेहमी शेवटची, आम्ही उठल्यावरची, थंड. गरम पोळी ताटात वाढणारं माणूस एकच होतं, आणि ते ताटावर बसलेलं नसायचं.

आणखी एक आठवलं. मी चौथीत असताना आईला चिकुनगुनिया झाला होता. तिची बोटं मिटत नव्हती. तेव्हाही ती तळहाताच्या टाचेनं कणीक मळत होती. आम्ही काय केलं होतं? बाबांनी एक दिवस प्रयत्न केला, पोळ्या बिघडल्या, आणि आम्ही सगळे हसलो. म्हणालो, "तुझ्यासारख्या कुणालाच जमत नाहीत." आम्हाला खरंच वाटलं होतं की आम्ही तिचं कौतुक करतोय.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, बस फॅक्टर. शब्द जरा क्रूर आहे. टीममधल्या किती माणसांना बसनं उडवलं तर प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा. आकडा एक असेल तर ती टीम धोक्यात आहे असं समजतात. मॅनेजर घाबरतात, त्या एका माणसाकडून सगळं लिहून घेतात, दुसऱ्या दोघांना शिकवतात. तो माणूस किती हुशार आहे असं नुसतं म्हणत कुणी बसत नाही. आमच्या घरात पोळीचा बस फॅक्टर एकतीस वर्षं एक होता. आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

मी हे म्हणत नाही की आईचं कसब खोटं होतं. तीन दिवसांत पाच मिलिलिटरचा फरक, ते कसब मी मोजलंय. पण कसब शिकता येतं. त्याला जादू म्हटलं की शिकायची जबाबदारी संपते. जादू काय, ज्याची त्यालाच येते. "मला नाही बाबा जमत तुझ्यासारख्या" हे वाक्य ऐकायला नम्र आहे, पण त्याचा अर्थ "तूच कर" एवढाच होतो.

दुसऱ्या दिवशी मी एक कागद लिहिला आणि फ्रिजवर चिकटवला. कणीक ३०० ग्रॅम, पाणी १९० ते २१०, मीठ अर्धा चमचा, तेल एक चमचा, अर्धा तास झाकून, थेंब पळाला की पोळी टाका. आणि बाबांना हाक मारली.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेत. आधी म्हणाले, "या वयात? मला नाही जमणार." मी म्हटलं, "बाबा, नट किती आवळायचा हे तुम्हाला कसं कळायचं?" ते म्हणाले, "हाताला कळतं." आणि मग आपल्याच वाक्यावर थोडा वेळ थांबले. परात त्यांनी स्वतःच पुढे ओढली.

त्यांच्या पहिल्या आठवड्यातल्या पोळ्यांबद्दल मी काही बोलणार नाही. यावेळी कुणी हसलं नाही, एवढंच सांगतो. आई खुर्चीत बसून "अजून", "बास" सांगत होती. दोनदा तिचा उजवा खांदा आपोआप पुढे आला, तिला परात ओढून घ्यायची होती. बाबा म्हणाले, "अगं, राहू दे. बिघडली तर मीच खाईन." तिसऱ्या आठवड्यात त्यांना काट्याची गरज उरली नाही. आता तेही विचारलं तर सांगतात, लागेल तेवढं.

प्लास्टर निघालं, व्यायाम झाले, आईचा हात बराच सुधारला. मी पुण्याला परत आलो. इथे रूमवर आठवड्यातून चार दिवस मी पोळ्या करतो, कोल्हापूरकर त्यांना चपात्या म्हणून खातो. दोन दिवस तो करतो. उरलेला एक दिवस बाहेर.

घरी सकाळच्या पोळ्या अजून आईच करते. तिला सकाळी सातला स्वयंपाकघरात एकटीला बरं वाटतं, असं ती म्हणते, आणि ते मी मानतो. रात्रीच्या बाबा करतात. मागच्या महिन्यात गेलो होतो. आठ वाजता बाबा म्हणाले, "चला, बसा." मी आणि आई बसलो. तव्यावरून पहिली पोळी आली, टम्म फुगलेली, आणि ती बाबांनी आईच्या ताटात टाकली. आईनं मोडली, वाफ निघाली, तिनं बोट झटकलं. एक घास खाल्ला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. मला वाटलं आता काहीतरी छान बोलेल.

ती म्हणाली, "अहो, मीठच नाही यात."

बाबांनी ओट्यावरून वळून फ्रिजवरच्या कागदाकडे बघितलं. "विसरलो," म्हणाले. "लोणचं घे." आणि पुढची पोळी लाटायला वळले.

आईनं त्या रात्री तीन पोळ्या खाल्ल्या.

तर मंडळी, या आठवड्याचं काम सोपं आहे. एक काटा मिळवा, नसेल तर वाटीनं मोजा. जिच्या किंवा ज्याच्या हातच्या पोळ्या तुम्ही आजवर खाल्ल्या, त्या व्यक्तीला स्वयंपाकघरात खुर्ची टाकून द्या. कणीक तुम्ही मळा, "अजून" आणि "बास" त्यांना म्हणू द्या. आकडा लिहून ठेवा आणि मला व्हॉइस नोट पाठवून कळवा. सगळ्यांचे आकडे पुढच्या एका भागात एकत्र वाचून दाखवीन. लोकवन गव्हाचा आकडा वेगळा येईल, सिहोरचा वेगळा, पाकिटातल्या पिठाचा वेगळा. खपली गहू घेणाऱ्यांनी थोडा जास्त धीर धरावा, त्याचं ग्लूटेन नाजूक असतं, पोळी लाटताना फाटते.

पहिली पोळी वातड झाली तर काळजी करू नका. नीट चावून खा आणि पाणी वाढवा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि पावसाळ्यात अंगणातलं शेवाळ घासून टाका. नमस्कार!